काळ्या चष्म्यातली बाई

अध्यक्षमहाराज, वहिनी, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलता येत नाही. अशा वेळी सगळेच असं म्हणतात, पण माझं खरंच तसं आहे. एवढ्या माणसांपुढे मी आजवर कधी उभी राहिलेली नाही. वाचनालयाचे चिटणीस परवा दुकानात आले आणि म्हणाले, सुमनताई, शांतारामभाऊंच्या शोकसभेत तुम्ही बोलायला हवं. मी म्हटलं, मी त्यांची कोण म्हणून बोलू? मग भाऊंच्या मागे राहिलेल्या या वहिनीच म्हणाल्या, "तू बोल. मला जमायचं नाही. आणि बाकीचे बोलतील ते सगळं गोडच बोलतील."

म्हणून उभी आहे. गोड बोलता आलं नाही तर सांभाळून घ्या.

मी कोण, ते आधी सांगते. गावात मला फोटोवाल्याकडची बाई म्हणतात. काही जण याहून वाईट बोलतात, तेही माझ्या कानावर येतं. मी शांतारामभाऊंची बहीण नव्हे, नात्यातली नव्हे, त्यांच्या जातीचीही नव्हे. गणपत नावाच्या माणसाची मी बायको होते. नवऱ्याचं नाव असं सरळ घेऊ नये म्हणतात. आज घेते, कारण पुढचं सगळं त्या नावावरून झालं.

भाऊ महाडचेच. तरुणपणी मुंबईला गेले, गिरगावात एका स्टुडिओत काम शिकले. वडील गेल्यावर परत आले आणि बाजारपेठेत दुकान मांडलं. पुढे रस्त्यावर काचेची शोकेस, आत बसायची खोली, मग पडदा लावलेला स्टुडिओ, आणि सगळ्यात मागे काळोखी खोली. तुमच्यापैकी बहुतेकांच्या लग्नाचे फोटो त्यांनी काढले आहेत. मुंजीचे काढले. मुलगी दाखवायचे काढले. घरातलं म्हातारं माणूस गेलं की त्याला खुर्चीत बसवून, हार घालून काढायचे तेही काढले. ते सगळं पोटासाठी होतं. मनापासून त्यांनी एकच काम केलं. तरुण पोरांचे फोटो काढले.

तुम्हाला आठवत असेल. शिमगा आला, गणपती आले की मुंबईची पोरं यायची. तेव्हा बाणकोटपर्यंत आगबोट, आणि तिथून खाडीतून लाँच. दासगावच्या धक्क्यावर उतरायचं आणि महाड गाठायचं. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरची पोरं ती. घरी जायच्या आधी भाऊंच्या दुकानात शिरायची. गॅबर्डिनची पँट, बुशशर्ट, गळ्यात रेशमी रुमाल, केसांचा कोंबडा. मुंबईत हीच पोरं परळ-लालबागच्या गाळ्यांत दाटीवाटीनं राहायची. एक जण पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. गिरणीतला कापूस नाकातोंडात जायचा. पण फोटोत त्यांना तसं दिसायचं नव्हतं. फोटोत त्यांना मुंबई दिसायला हवी होती.

आणि फोटो झाला की काय करायची? मागच्या खोलीत जायची, पँट उतरवायची, धोतर नेसायची, डोक्यावर टोपी घालायची, आणि पोलादपूरची गाडी धरायची. कारण वर गावात पँट चालत नव्हती. बाप म्हणायचा, सायेब झालास काय रे? ते मुंबईचे कपडे भाऊंच्या भिंतीवर खुंटीला राहायचे. एकेका खुंटीवर एकेकाचे. सुट्टी संपली की पोरं उतरायची, पुन्हा कपडे बदलायची आणि लाँच पकडायची.

मी एकदा भाऊंना विचारलं होतं, "ही पोरं खरी कुठली? इथली का तिथली?" भाऊ म्हणाले, "गावात ती आईबापाची असतात. मुंबईत मुकादमाची. मधे माझ्याकडे घटकाभर थांबतात, तेव्हा कुणाचीच नसतात. तेव्हा बघावं त्यांच्याकडे."

एक पोरगा होता. त्याच्या हाताची बोटं यंत्रात गेली होती. गावात कुणाला सांगितलं नव्हतं. फोटोला उभा राहिला आणि हात मागे लपवायला लागला. भाऊंनी काही विचारलं नाही. म्हणाले, "हात खिशात घाल. शेठसारखा दिसशील." आणि खरंच तो तसा दिसला. त्या पोराला मी नंतर पाहिलंय. भाऊ सांगायचे, प्रत्येक वर्षी यायचा आणि तसाच हात खिशात घालून उभा राहायचा.

हायस्कूलच्या मुली यायच्या. चोरून यायच्या, चौघी-पाचजणी मिळून. कुणाला हातात बॅडमिंटनची रॅकेट हवी असायची, कुणाला केस मोकळे सोडायचे असायचे. भाऊ म्हणायचे, "घरी विचारलंत का?" त्या म्हणायच्या, "नाही." भाऊ म्हणायचे, "मग लवकर बसा." दुसऱ्या दिवशी एखादे वडील दुकानात येऊन ओरडून जायचे. भाऊ खाली मान घालून ऐकून घ्यायचे. फोटो मात्र त्या मुलीला मिळायचाच.

असे होते ते. आता माझं सांगते.

मी परळची. माझी आई खानावळ चालवायची. गिरणीतली पोरं आमच्याकडे जेवायला असायची, त्यांत गणपत होते. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांचं गाव. घरी जमीन, वडील मानाचे, थोरला भाऊ शेती बघायचा. गणपत कमी बोलायचे. जेवण झालं की ताट स्वतः उचलून ठेवायचे, बाकी कुणी ठेवत नसे. तेवढ्यावरून मला ते आवडले. आमची जात वेगळी. आईला कळलं तेव्हा ती आधी रडली, मग म्हणाली, "माणूस चांगला आहे. बाकीचं तुझं तू बघ." देवळात आम्ही एकमेकांना हार घातले. आई होती, खानावळीतले दोघंतिघं होते. कागद केला नाही. कागद करायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलंही नाही.

त्यानंतरच्या शिमग्याला ते मला इकडे घेऊन आले. गावी न्यायचं, घरी सांगायचं, असं ठरवून. लाँचमध्ये ते खूप बोलत होते. आई अशी आहे, अंगणातून डोंगर असा दिसतो, गोठ्यात अमुक म्हैस आहे. दासगाव जवळ आलं तसे गप्प झाले. महाडला भाऊंच्या दुकानात आलो आणि मला म्हणाले, "सुमन, तू इथे थांब. मी आधी एकटा जातो. घरी बोलतो, मग तुला न्यायला येतो."

मी काय बोलणार? हो म्हटलं.

जायच्या आधी फोटो काढायचं ठरलं. मी हिरवं पातळ नेसले होते. ते बुशशर्टात. भाऊ कॅमेऱ्यामागे डोक्यावर काळं कापड घेऊन उभे होते, आणि आम्ही दोघं लाकडासारखे ताठ उभे होतो. गणपतनी एकदम स्वतःचा काळा चष्मा काढला आणि माझ्या नाकावर ठेवला. म्हणाले, "आता दिसतेस मुंबईची." मला हसू फुटलं. माझ्याकडे बघून त्यांनाही फुटलं. तेवढ्यात भाऊंनी फोटो घेतला.

भाऊ म्हणाले, "आता एक साधा काढू या. घरी दाखवायला."

गणपत म्हणाले, "नको. हाच राहू दे."

ते डोंगरावर गेले. मी वहिनींकडे राहिले. वहिनींनी मला तू कोण, कुणाची, काही विचारलं नाही. कांदे चिरायला दिले. काही दिवसांनी गणपत परत आले ते चेहरा पाडूनच. घरी बोलणं झालं नव्हतं. मामाची मुलगी त्यांच्यासाठी ठरवून ठेवलेली होती. वडिलांसमोर त्यांचं तोंड उघडलं नाही. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणाले. आम्ही मुंबईला परत गेलो.

पुढचं वर्ष आलं नाही. त्या पावसाळ्यात त्यांना विषमज्वर झाला. इस्पितळात नेलं, पण ताप उतरलाच नाही. गेले. माझ्या पोटात मूल होतं. गाळ्यातले गाववाले आले, त्यांनी सगळं केलं. मला पुढे येऊ दिलं नाही. एक जण म्हणाला, "बाई, तुम्ही खानावळवाल्या. तुम्ही घरी जा." ज्या माणसानं आमच्या हारांच्या वेळी पेढा खाल्ला होता, त्यानंच हे म्हटलं. तोही काय करील? त्याला गावात परत जायचं होतं.

मुलगी झाली. त्याच थंडीत आई गेली, खानावळ बंद पडली. मग मुलीला घेऊन मी इथे आले. गणपत नेहमी म्हणायचे, महाडला एक आपलं माणूस आहे. तेवढ्या आधारावर आले.

शांतारामभाऊंनी मुलीकडे बघितलं आणि वहिनींना म्हणाले, "मी हिला घेऊन वर जाऊन येतो. त्यांचं नातवंड आहे. बघितल्यावर काय नाही म्हणतील?"

त्यांचा माणसांवर असा विश्वास होता. हे मी आज मुद्दाम सांगते आहे. त्या विश्वासाचं पुढे काय झालं, ते तुम्हाला कळावं म्हणून.

पोलादपूरहून आम्ही चढून गेलो. मुलगी माझ्या कडेवर, फोटो भाऊंच्या पिशवीत. घराच्या अंगणात पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. गणपतचे वडील ओटीवर बसले होते, थोरले दीर शेजारी उभे. हां हां म्हणता वाडीतली माणसं जमली. सासूबाई दाराच्या आत होत्या, मला फक्त त्यांचा पदर दिसत होता.

भाऊंनी हात जोडून सांगितलं, "ही तुमची सून. ही तुमची नात."

वडील म्हणाले, "आमच्या गणूचं लगीन झालंच नाय. मंग सून कुठनं आली?"

भाऊंनी फोटो पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, उन्हात धरला. बराच वेळ बघत होते. माझ्या मनात आलं, आता बोलतील, आत ये म्हणतील. त्यांनी फोटो थोरल्याकडे दिला. थोरले दीर म्हणाले, "ह्यो गणूच हाय. पन ही बाई हीच कशावरनं? हिचं डोळं कुठं दिसतायत?"

भाऊ म्हणाले, "मी स्वतः काढलाय फोटो. माझ्या डोळ्यांदेखत दोघं उभे होते."

त्यावर वडील जे बोलले ते भाऊ मरेपर्यंत विसरले नाहीत. ते म्हणाले, "तू आमच्या पोरान्ला सोंगं घालून उभी करतोस. चारी वाटांनी आलेल्यांना सायेब करून दाखवतोस. तशी एक बाई बी उभी केली असशील. तुझ्या फोटोवर कोन इश्वास ठेवील?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते रिकाम्या पिशवीची घडी घालत होते.

मग मी काय केलं? माझ्या गाठोड्यात तो काळा चष्मा होता. गणपतच्या वस्तूंतली तेवढी एकच माझ्याकडे राहिली होती. मी मुलीला खाली जमिनीवर ठेवलं, गाठोडं सोडलं, चष्मा काढला आणि डोळ्यांवर घातला. म्हटलं, "बघा. मीच आहे का बघा."

कपाळ मोकळं, अंगावर विटकं पातळ, पायात मूल, आणि डोळ्यांवर काळा चष्मा. भर दुपारी त्या अंगणात मी तशी उभी.

मग मागून कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. पोरं हसली, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्यांना दोष देत नाही. दिसायला ते हसण्यासारखंच होतं. वडील उठले आणि आत गेले. थोरल्या दिरांनी फोटो भाऊंच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "जमिनीत वाटा मागाय आनलीस काय हिला? परत चढलास तर पाय ऱ्हानार नाय."

आम्ही उतरलो. पोलादपूरला गाडीची वाट बघत बसलो तेव्हा भाऊ म्हणाले, "त्यांचं एक बरोबर आहे. डोळे दिसत नाहीत. मी त्या दिवशी दुसरा काढायला हवा होता. गणपत नको म्हणाला, पण मी ऐकायला नको होतं."

मंडळी, माझ्या सासरच्यांनी मला नाकारलं, यात नवीन काही नाही. अशा बायका पुष्कळ आहेत. भाऊंच्या मनाला दुसरंच लागलं होतं. त्यांनी इतकी वर्षं जे केलं ते सगळं सोंग आहे, असं त्यांना चारचौघांत सांगितलं गेलं होतं. आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मी जायला निघाले होते. वहिनी म्हणाल्या, "कुठे जाणार?" मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाल्या, "मग माहीत होईपर्यंत राहा." ते अजून मला माहीत झालेलं नाही. म्हणून अजून इथेच आहे.

भाऊंनी मला फोटो रंगवायचं काम शिकवलं. तेव्हा काळ्या-पांढऱ्या फोटोवर हातानं रंग भरायचे. पहिला फोटो त्यांनी माझ्यासमोर ठेवला तो आमचाच, मोठा करून. म्हणाले, "पातळ कुठलं होतं? हिरवं ना? हिरवंच भर." मी रडत रडत भरलं. वाळल्यावर त्यांनी तो उचलला आणि पुढच्या शोकेसमध्ये लावला. रस्त्यावर. सगळ्यांना दिसेल असा.

मी म्हटलं, "भाऊ, काढा तो. लोक हसतायत."

ते म्हणाले, "हसू देत. तो फोटो खोटा नाही. खोटा असल्यासारखा मी तो कपाटात ठेवला तर या खुंट्यांवरची सगळी पोरं खोटी ठरतील."

आणि तो तिथेच राहिला. बघायला माणसं थांबायची. कुणी थुंकायचं, कुणी टक लावून बघायचं. डोंगरातल्या वाड्यांवर निरोप फिरला असावा. त्या गणपतीला पोरं आली ती फोटोला आली नाहीत. येऊन आपले कपडे घेऊन गेली. भाऊंच्या नजरेला नजर न देता गेली. तो हात खिशात घालणारा पोरगाही आला. दारात घुटमळला. म्हणाला, "भाऊ, काय करू? वर राह्याचं हाय आमाला." भाऊंनी स्वतः त्याची पँट घडी करून त्याच्या हातात दिली. लग्नाची कामंही कमी झाली. ज्या दुकानात असली बाई बसते तिथे नवरी कशी न्यायची, असं लोक म्हणायला लागले.

मग तो दिवस. बाजाराचा दिवस होता. पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी थोरले दीर आणि त्यांच्याबरोबर काही माणसं आली. हातात काठ्या. मी कोर्टात जाणार, वाटा मागणार, असं त्यांना कुणीतरी भरवलं होतं. मी तसं मनातही आणलं नव्हतं. वहिनींनी माझ्या मुलीला उचललं, मला ओढलं आणि काळोख्या खोलीत नेऊन आतून कडी लावली. मला दिसलं काही नाही. ऐकू सगळं आलं. शोकेसची काच फुटली. फोटो फाडला, त्याचाही आवाज आला. कॅमेरा पडला. भाऊ ओरडत होते, "कॅमेरा नको, मला मारा." त्यांनी दोन्ही केलं.

बाहेर आलो तेव्हा भाऊ फुटलेल्या काचांत बसले होते. उजवं मनगट भलतीकडे वळलेलं. आणि दुकानासमोर रस्ता रिकामा. एवढा बाजार भरलेला, आणि आमच्या दारासमोर एकही माणूस नाही.

भाऊंनी फिर्याद दिली. फौजदार चांगले होते. स्वतः दुकानादुकानातून फिरले, विचारलं. समोरचे म्हणाले, आम्ही जेवायला गेलो होतो. शेजारचे म्हणाले, आम्ही आत माल लावत होतो. रस्त्यावर भाजी विकणारी म्हणाली, माझी पाठ होती. सगळ्यांचीच पाठ होती. खटला उभा राहिला नाही.

मी कुणाचं नाव घेत नाही. भाऊंनीही कधी घेतलं नाही. संध्याकाळी हीच माणसं त्यांना विचारायची, हात कसा आहे? आणि भाऊ सांगायचे, बरा आहे.

हात बरा नव्हता. हाड वाकडं बसलं. वहिनी त्यांना सव गावी घेऊन जायच्या, गरम पाण्याच्या झऱ्यात हात शेकवायला. दुखणं थोडं कमी व्हायचं, बोटांत ताकद आली नाही. निगेटिव्हची काच धरताना हात थरथरायचा. कॅमेरा दुरुस्त करून आणला, पण तो चालवणार कोण? मग मी शिकले. भाऊ मागे स्टुलावर बसून सांगायचे. "घाई करू नकोस. त्याला कंटाळू दे. माणूस उभं राहून कंटाळलं की मग त्याचा स्वतःचा चेहरा येतो." फाटलेला फोटो त्यांनी पुन्हा छापला. निगेटिव्हची मूळ काच वहिनींनी घरी नेऊन ठेवली होती, म्हणून वाचली. शोकेसला नवी काच बसवली आणि फोटो पुन्हा तिथेच लावला. रंग मी पुन्हा भरले. या वेळी रडले नाही.

मग छाती गेली. खोकला आधीपासून होता. त्या कोंदट खोलीत औषधांच्या वासात सगळा जन्म काढलेला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ठेवा. गेलं वर्षभर ते दुकानामागच्या खाटेवरच होते.

या थंडीत एक दिवस दुकानात एक म्हातारी आली. डोंगरातून चालत आलेली, पाय धुळीनं भरलेले, कपाळ मोकळं. बाकावर बसली. मी विचारलं, फोटो काढायचाय का आजी? म्हणाली, "माजा नाय. माज्या पोराचा बघाचा हाय." तेव्हा ओळखलं. सासूबाई होत्या. सासरे वारल्याचं मला कानावर आलं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा प्रथमच बघत होते.

मी शोकेसमधला फोटो काढून त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी पदरानं पुसला. तोंडाजवळ नेला. म्हणाल्या, "डोळं झाकलेलं हायत म्हनून ते म्हनले, ही ती नव्ह. बापय मानसं, त्यांना काय दिसतंय. माजा पोर बघ कसा हसतोय. घरात असा कदी हसला नाय तो. बापाच्या धाकानं हसूच ठावं नवतं त्याला. असा हसतोय म्हंजे शेजारी त्याची बायकूच आसनार."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "मी त्या दिशी दाराच्या आत हुते गो. सगलं बघत हुते."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"घरात न्याया येनार नाय तुला. थोरला हाय."

मी म्हटलं, "मी मागत नाही."

माझी मुलगी तेव्हा शाळेतून आली. सासूबाईंनी तिला जवळ ओढलं, तिच्या हनुवटीला हात लावला, आणि मग मान फिरवली. थोड्या वेळानं उठल्या आणि निघाल्या. फोटो न्या म्हटलं तर म्हणाल्या, "नको. हितं हाय त्योच बरा. घरी फाडतील."

मागच्या खाटेवर भाऊ जागे होते. मधे नुसता पडदा. मी आत गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. खांदे हलत होते. मी हाक मारली नाही. काही वेळानं तेच म्हणाले, "ऐकलंस ना काय म्हणाली?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "तिनं हे त्या दिवशी म्हणायला हवं होतं." आणि थोडं थांबून, "पण तिला तरी कोण बोलू देणार होतं."

त्यांना बरं वाटलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. मला खात्री नाही. फार उशिरा आलेलं होतं ते. हात गेला होता, पोरं गेली होती, छाती गेली होती. त्यानंतर ते फार बोलले नाहीत. गेल्या आठवड्यात सकाळी वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा ते गेलेले होते.

मला काही जणांनी विचारलं, आता तुम्ही मुंबईला परत जाणार ना? काळजीनं विचारलं असेल. नाही. दुकान उघडं राहील. वहिनी आणि मी चालवू. शोकेस आहे तशीच राहील, फोटो आहे तोच राहील. ज्यांना फोटो काढायचाय त्यांनी यावं. ज्यांना कपडे बदलायचेत त्यांच्यासाठी मागची खोली आहे. मुलींनीही यावं. घरी विचारलंत का, एवढंही मी विचारणार नाही.

आता आपण उभे राहू या, भाऊंसाठी दोन मिनिटं. काही बोलायचं नाही, नुसतं गप्प राहायचं. गप्प राहणं आपल्या गावाला जमतं, ते मी पाहिलंय. आजची ही दोन मिनिटं मात्र त्यांच्या बाजूनं गप्प राहा.

उठा.